आत कुणी नाही

झाकण बंद झालं तेव्हा मला आधी राग आला, भीती नंतर. मी पाणबुडीच्या शेपटाकडे पालथी पडले होते, बॅटरीच्या डब्यावर पोट टेकवून, हात खांद्यापर्यंत तारांच्या गुंत्यात, दातांत टॉर्च. वरून येणारा उजेडाचा गोल एकदम पुसला गेला. धप्प. मग वरचं चाक फिरल्याचा आवाज, करकर, करकर. मला वाटलं, वकील. दुसरं कोण असणार? सकाळीच आमचं वाजलं होतं. मी म्हणत होते, मागचा जोड सैल आहे, तो म्हणत होता, जोड ठीक आहे, तुझं डोकं सैल आहे. आमच्यातल्या या मुलाला वकील म्हणतात ते उगाच नाही, सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी हा म्हणणार, पुरावा काय? मी हातातला पाना जमिनीवर आपटला, करा मग तुमचं तुम्ही, मी चालले घरी, म्हणाले आणि तरातरा निघाले. असं मी दर आठवड्याला निघते. फाटकापर्यंत राग टिकतो, फाटकाशी उतरतो. मागच्या दारानं परत आले तर सगळे चहाला गेलेले. म्हटलं बरंच झालं, गुपचूप आत उतरावं, जोड घट्ट करावा आणि मग दिवसभर वकिलाच्या नाकावर टिच्चून मिरवावं. तेवढ्यात हे झाकण. म्हणजे यानं मला उतरताना पाहिलं आणि आता मी गयावया करावी म्हणून वाट बघतोय. बस म्हटलं वाट बघत. मेले तरी ओरडायची नाही. खरंच, मनात हेच शब्द म्हटले मी, आणि हनुवटी बॅटरीवर टेकवून तशीच पडून राहिले.

मग जमीन हलली. पायाखालची जमीन सरकली असं आपण एरवी उगाच म्हणतो, माझी पोटाखालची खरोखर सरकली. क्रेनची साखळी ताणल्याचा आवाज पोलादातून थेट दातांत आला, टॉर्च तोंडातून सुटून बॅटऱ्यांच्या फटीत गेला, आणि सगळी पाणबुडी एका अंगाला कलून झुलायला लागली. तेव्हा कळलं, ही मस्करी नाही. मस्करीसाठी कुणी क्रेन लावत नाही. मग मात्र ओरडले. मी ओरडते तेव्हा काय होतं ते आमच्या कॉलेजात विचारा. तिथं माझं नाव तोफ आहे, सर एकदा हजेरी घेतानाही चुकून तोफ म्हणाले होते. हिला कुजबुजायला सांगितलं तर शेजारच्या वर्गाला ऐकू जातं, हा वकिलाचा आवडता विनोद. तर ती तोफ जीव खाऊन उडाली, पुन्हा उडाली, पुन्हा उडाली. मुठींनी बडवलं, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं बडवलं. बाहेर क्रेनची मोटर घुरघुरत होती आणि मधे बोटाच्या दोन पेरांएवढं जाड पोलाद. मला माझाच आवाज चारी बाजूंनी परत येऊन लागत होता. कानात दडे बसले. आणि या सगळ्यात डोक्याचा एक कोपरा शांतपणे म्हणत होता, अगं, यांनी तुझा जोड न तपासताच चाचणी सुरू केली, बघ किती निष्काळजी आहेत.

आम्ही तिला म्हातारी म्हणायचो. एका माणसाची जुनी पाणबुडी, पुढं काचेचा घुमट, मागं तीन पंखे, रंग उडालेला. धरणांच्या भिंती पाण्याखालून तपासायला तिचा चालक आत बसून जायचा. तो निवृत्त झाला, त्या जागेवर बसायला कुणी तयार होईना, आणि म्हातारी आमच्या कॉलेजच्या पदरी आली. शेवटच्या वर्षाचा आमचा प्रकल्प म्हणजे तिच्यातून माणूस काढायचा. किनाऱ्यावर खुर्चीत बसायचं, समोर पडदा, हातात दांडी, मधे एक लांबलचक केबल, की झालं. पहिल्या दिवशी सर्वांसमोर मीच ठणकावून सांगितलं होतं, माणूस काढला की धोका संपला. आणि मग आम्ही माणूस काढत गेलो. खुर्ची काढली. झाकण आतून उघडायचं चाक काढलं, कारण त्याच भोकातून केबल आत घेणं सोयीचं पडलं. जीवावर बेतलं तर ओढायची एक लाल मूठ होती, ओढली की पोटाखालचं शिसं गळून पडायचं आणि पाणबुडी बुचासारखी वर यायची. ती मूठ मी काढली, भोकावर पत्रा वेल्ड केला, कारण शिसं आता किनाऱ्यावरच्या बटणानं सुटतं. श्वासातली खराब हवा शोषून घेणारा डबा काढला, तिथं जास्तीची बॅटरी बसवली आणि केवढी जागा मिळाली म्हणून नाचलो. आता अंधारात हात फिरवून मी एकेक जागा चाचपत होते, आणि प्रत्येक जागी माझंच काम हाताला लागत होतं, कड घासलेलं, गुळगुळीत, नीटनेटकं. काम मी चांगलं करते, हे वकीलसुद्धा कबूल करतो.

आणि बिल्ला. झाकणाबाहेर एक हूक होता. आत उतरणाऱ्यानं त्यावर आपला पितळी बिल्ला अडकवायचा, बाहेर आल्यावर काढायचा. बिल्ला लटकत असेल तर झाकणाला हात लावायचा नाही, मग कुणी कितीही घाई करो. हा म्हातारीच्या जुन्या दिवसांतला नियम, आणि सुरुवातीला वकील तो अगदी मनोभावे पाळायचा. मीच त्याची टर उडवली. अरे, जिच्यात माणूस बसायचाच नाही तिला रोज रोज आत कोण आहे म्हणून काय विचारतोस? उद्या कपाटालाही बिल्ला लाव, परवा डब्याला. सगळे हसले, वकील चिडला, मग तोही हसला. पुढं केबल त्या हुकाला घासते म्हणून हूकच कापला. काम चालू असताना आम्ही रोज किती वेळा आत-बाहेर करतो हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. आमच्या डोक्यात ती केव्हाच रिकामी झाली होती. सकाळी वकिलानं झाकण लावताना आत डोकावून का नाही पाहिलं? कारण आत कुणी नाही. रिकाम्या वस्तूत कोण डोकावतं? मी तरी डोकावले असते का? असते, असं म्हणायला जीभ वळवळते, पण नसते डोकावले.

पाणी लागलं तेव्हा आवाज बदलला. आधी पोटाखाली चुबुक-चुबुक, मग सगळीकडून एक जड, बधिर शांतता, कुणी कान हातांनी झाकावेत तशी. मी सरपटत पुढं घुमटापाशी आले. काचेवरून पाण्याची रेघ चढत गेली, वर आकाशाचा तुकडा आकसत गेला आणि मग नुसता हिरवा उजेड, गढूळ. आमच्या कार्यशाळेमागची ती जुनी गोदी, जिथं आता जहाजं येत नाहीत, तिच्या भिंतीचा शेवाळलेला दगड मला हातभर अंतरावरून दिसत होता आणि मी त्याला शिव्या देत होते. मग पंखे सुरू झाले आणि मला कळलं, दांडीवर कासव आहे. गाडी चालवणाऱ्याचा हात ओळखू येतो ना, तसा. कासव म्हणजे आमच्यातला तिसरा. बोलायला हळू, चालायला हळू, पण हात असा की अंडं उचलावं तशी म्हातारीला वळवतो. त्याच्या हातात मला कधीच भीती वाटली नव्हती. आज तो मला इतक्या अलगद, इतक्या काळजीनं खाली घेऊन चालला होता की मला रडूच फुटलं. त्याच्या पडद्यावर खोली दिसत असेल, बॅटरी दिसत असेल, सगळे आकडे हिरवे असतील. आणि तो मान हलवून म्हणत असेल, छान.

तेवढ्यात मागं पंप घुमायला लागला. हळू, समजूतदार आवाज, मी तो शंभर वेळा ऐकलेला. पाणबुडी कुठंही जड वाटली की पंप टाक्यांतलं पाणी इकडून तिकडं करतो, जास्तच जड वाटली तर बाहेर फेकतो, आणि तिला सपाट, तरंगती ठेवतो. तो प्रोग्रॅम माझा. अख्खा उन्हाळा घालवला होता मी त्याच्यावर, जेवताना, झोपताना, आईशी बोलताना डोक्यात तोच. मी पुढं आले म्हणून नाक जड झालं होतं, तेव्हा तो पुढचं पाणी मागं नेत होता. मी मागं सरकले. पंप थांबला, विचार केल्यासारखा, आणि उलटा फिरला. मी सरपटत पुढं. पुन्हा पंप. मला काय झालं कुणास ठाऊक, मी वेड्यासारखी पुढं-मागं करत राहिले, कोपरं सोलवटून घेत, म्हटलं नाक वर-खाली झालं की कासवाला कळेल, काहीतरी चुकतंय असं त्याला वाटेल. आणि प्रत्येक वेळी तो पंप मला पुसून टाकत होता. झोपेत कूस बदलणाऱ्या पोरावर आई डोळे न उघडता पांघरूण ओढते, तसं. माझं वजन त्याला कळत होतं. या सगळ्या लोखंडात, या सगळ्या पाण्यात माझी दखल घेणारा तो एकटाच होता, आणि दखल घेऊन तो मला नाहीसं करत होता. मी थांबले. घशातून आवाज फुटत नव्हता. तोफ बसली होती.

म्हातारी तळाला टेकली. पंखे थांबले, पंप थांबला. आणि मला आठवलं, आजची चाचणी कसली आहे ते. तळाशी बसून राहायची. संध्याकाळपर्यंत, काही न करता, बॅटरी कशी उतरते ते बघायला. ही कल्पनाही माझीच, पण आता ते सांगण्यात काय हशील. हवेचा हिशेब मनात आपोआप व्हायला लागला, मी नको नको म्हणत असताना. आत माणसाला पुरेल एवढी हवा होती तेव्हा आत माणूस होता, आता तिथं बॅटऱ्या होत्या. उरलेल्या पोकळीत, ओरडून, पळापळ करून मी किती वापरली? संध्याकाळ फार लांब होती. डोकं जड होईल, झोप येईल, आणि ती झोप गोड असेल, असं पुस्तकात वाचलं होतं. मी पुस्तकात अधोरेखित केलं होतं ते वाक्य, परीक्षेला येईल म्हणून. केबल उपटावी का? उपटली तर काय होईल ते मला माहीत होतं. संपर्क तुटला तर घाबरून वर येऊ नये, जागेवर शहाण्यासारखं बसून राहावं, असं मीच म्हातारीला शिकवलं होतं, वर चालत्या होडीवर आपटू नये म्हणून. ती शहाण्यासारखी बसून राहिली असती आणि किनाऱ्यावर टाळ्या पडल्या असत्या.

घरी आई असेल. ही तिची कपडे इस्त्री करायची वेळ. आई फार हळू बोलते, जन्मभर हळूच बोलत आली, आणि मी अशी. मी अशी बाबांमुळे झाले. बाबा बॉयलरच्या कारखान्यात होते, हातोड्यांच्या आवाजात त्यांचे कान गेले, आणि ते मशीन कानाला लावायला तयार नव्हते. मग त्यांना काहीही सांगायचं म्हणजे ओरडून. मीठ हवंय का ओरडून, शाळेत पहिली आले ओरडून, बाबा मला माफ करा तेही ओरडून. आई त्यांच्याशी ओरडायची नाही, नुसती समोर जाऊन उभी राहायची, ते तिच्या तोंडाकडे बघायचे आणि त्यांना कळायचं. मला ते जमलं नाही कधी. समोर जाऊन उभं राहायला धीर लागतो. बाबा गेल्याला आता दोन वर्षं होतील, पण माझा आवाज काही खाली आला नाही. आई परवाच म्हणाली, आता कुणासाठी ओरडतेस गं एवढी? घरात आपण दोघीच. मी म्हटलं, सवय. खरं सांगायचं तर मी आवाज खाली आणला असता तर ते गेले असं झालं असतं. हे मी आईला सांगितलं नव्हतं. आणि आता म्हातारीच्या पोटात बसून मला त्याचं इतकं वाईट वाटलं, हवेपेक्षाही त्याचंच जास्त.

कॅमेरा माझ्या डोक्याशी होता आणि मला तो दिसलाच नव्हता. चालकाचं डोकं जिथं असायचं नेमक्या त्या जागी तो बसवलेला, घुमटातून बाहेर बघणारा, त्याच्या कपाळावर हिरवा दिवा. कासव या क्षणी त्यातून बघत होता! मी किती मूर्ख, इतका वेळ मागं-पुढं केलं आणि कॅमेऱ्यासमोरून एकदाही गेले नाही, कारण कॅमेरा आणि घुमट यांच्यामधे जेमतेम डोकं शिरेल एवढीच फट होती. मी पंजा पसरून कॅमेऱ्याच्या काचेवर दाबला. आणि दाबल्या दाबल्या कळलं, काय करून बसले. हिरवा दिवा पिवळा झाला. कॅमेऱ्यासमोर काळोख झाला की यंत्राला वाटतं, चित्र तुटलं, आणि मग किनाऱ्यावरचा पडदा रिकामा राहू नये म्हणून त्यावर आपोआप एक तपासणीची फीत लागते. फीत लागली की समजायचं, पडदा ठीक आहे, कॅमेरा गंडलाय, थोडं थांबा. ती फीत मीच करून दिली होती, गेल्या महिन्यात, कार्यशाळेत, याच फटीत डोकं घालून, याच कॅमेऱ्यासमोर. तिच्यात मी आहे. हात हलवतेय, जीभ काढतेय, काचेवर मुठी आपटतेय. शेवटी गळा धरून, डोळे फिरवून बुडून मेल्याचं नाटक करतेय. वकील तेव्हा हसून हसून खाली बसला होता. गेल्या आठवड्यात चित्र इतक्यांदा तुटलं की माझं थोबाड पाहिलं की कासव दांडी सोडून आळस द्यायचा. आली बघ तोफ, म्हणायचा, पाच मिनिटं विश्रांती.

मी हात काढला. दिवा हिरवा झाला. मी फटीत डोकं घातलं, आणि हात हलवायला उचललेला हात तसाच राहिला. माझ्या चेहऱ्यानं करता येण्यासारखं सगळं त्या फितीत होऊन गेलं होतं. रडले तर ते नाटक होतं. काचेवर मुठी आपटल्या तर त्याही आपटून झाल्या होत्या. गळा धरला तर वकील हसणार. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी खरी आहे, आत्ताची आहे, हे कसं सांगायचं? फितीतली मी काय करत नाही? हा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि उत्तर आलं तेव्हा मला हसूच आलं, नको तिथं. फितीतली मी गप्प बसत नाही. मीही बसत नाही. लहानपणी अंगणात आम्ही स्टॅच्यू खेळायचो, मी कायम पहिली बाद, मला खाज यायची, हसू यायचं, कुणाची तरी खोडी काढायची असायची. मी हात खाली घेतले. तोंड मिटलं. कॅमेऱ्याच्या काळ्या भिंगात सरळ बघितलं आणि थांबले. आत सगळं शरीर धडधडत होतं, ओरड, बडव, काहीतरी कर म्हणत होतं, आणि मी त्याला दाबून धरलं, पिसाळलेल्या कुत्र्याला दाराआड धरावं तसं. नाकावरून घाम ओघळला, पुसला नाही. पापणीसुद्धा मारायची नाही असं ठरवलं, डोळ्यांची आग झाली, पाणी आलं, ते गालावरून गेलं, गेलं तर गेलं. भिंगात माझाच चेहरा दिसत होता, छोटा, वाकडा. कासवा, बघ. बघ रे. तू हळू आहेस, मला माहीत आहे, पण बघ. तिकडून काहीच येत नव्हतं. यायला वाटच नव्हती, बघणं फक्त एकीकडून. कदाचित तो आळस देत होता. कदाचित तो उठून चहा आणायला गेला होता. डोकं दुखायला लागलं, मग दुखायचं थांबलं, आणि थांबलं याचीच मला भीती वाटली. हळूहळू कळेना की मी धरून ठेवलंय म्हणून हलत नाही, की हलता येत नाही म्हणून. बाबांसमोर आई अशीच उभी राहत असेल का, हा विचार आला आणि मग कुठलाच विचार आला नाही.

शिसं सुटल्याचा दणका बसला तेव्हा माझं कपाळ कॅमेऱ्यावर आपटलं. नंतरचं तुकड्यातुकड्यानं आठवतं. हिरवा उजेड पांढरा झाला. साखळीचा आवाज. वर करकर, करकर, आणि झाकण उघडल्यावर हवा आत आली ती इतकी थंड होती की मला ठसका लागला. ठसक्याचा आवाज ऐकून बाहेर कुणीतरी किंचाळलं. सरांनी काखेत हात घालून मला वर ओढलं. सर एरवी बुटाला धूळ लागली तरी रुमाल काढतात, ते गुडघ्यापर्यंत ओले होते. मी धक्क्यावर बसले, पाय पसरून. वकील चार हात दूर उभा होता, पांढराफटक, त्याचं झाकणाचं चाक फिरवणारं बोट फाटून रक्त येत होतं, आणि तो नुसता नाही, नाही, नाही म्हणत होता. कासव आला. हळू नाही, पळत आला, आणि माझ्यासमोर येऊन थबकला. त्याच्या हाताची मूठ अजून दांडी धरल्यासारखी वळलेली होती.

"दिसले मी?" मी विचारलं. म्हणजे विचारायला गेले, घशातून चिरका वारा निघाला.

"आधी वाटलं, फीत लागलीय," तो म्हणाला. "मी खुर्चीत मागं टेकलो. मग म्हटलं, ही फीत अशी कधीपासून झाली? तू काहीच करत नव्हतीस. मी वकिलाला म्हटलं, तोफ घरी पोचली का विचार बरं." तो थांबला. "तू पापणीसुद्धा हलवत नव्हतीस गं. तोंड मिटलेलं. मला वाटलं, तू गेलीस. मी बटण दाबलं ते तुला वाचवायला नाही दाबलं. मला वाटलं, आता निदान वर तरी काढावं."

मला काय वाटलं ते मला सांगता येत नाही. मी त्याला सांगत होते की मी आहे, सगळा जीव डोळ्यांत आणून सांगत होते, आणि त्याला नेमकं उलटं ऐकू गेलं होतं. आणि उलटं ऐकू गेलं म्हणून मी धक्क्यावर बसले होते. तो मेलेल्या मुलीला वर काढत होता, तितक्याच अलगद. मी त्याचा वळलेला हात धरला आणि बोटं एकेक सरळ करायला लागले, ती होईनात. सर म्हणत होते, कुणी डॉक्टरला फोन केला का, अरे कुणी केला का? आणि फोन या शब्दावर वकील एकदम खाली बसला.

"काकूंना मी फोन केला होता," तो म्हणाला. "तू घरी आहेस का विचारायला. त्या म्हणाल्या, नाही रे, सकाळीच गेलीय तुमच्याकडे. आणि समोर पडद्यावर तू. मी... मला कळेना मी काय बोलतोय."

"काय बोललास?" माझ्याऐवजी कासवानंच विचारलं.

"म्हटलं, काकू, ती आत राहिली. पाण्याखाली आहे. हलत नाहीये."

"मग?"

"मग काही नाही. त्यांनी फोन ठेवला नाही, काही बोलल्या नाहीत. मीच ठेवला आणि इकडं पळालो."

मी हात पुढं केला. सकाळपासून या मुलाशी मी एक शब्द नीट बोलले नव्हते. त्यानं त्याचा फोन माझ्या हातात दिला, त्यावर त्याचं रक्त लागलेलं होतं. पहिल्याच घंटीला आईनं उचलला, पण हॅलो म्हणाली नाही. मागं कुणीतरी बाई बोलत होती, शेजारच्या काकू असाव्यात, पाणी घे, पाणी घे म्हणत होत्या.

"आई," मी म्हटलं.

काही नाही.

"आई, मी. मी बरी आहे. बाहेर काढलं मला."

"कोण?" आई म्हणाली.

"मी गं."

"कोण मुलगी बोलतेय?" तिचा आवाज मला ओळखू आला नाही, इतका कोरडा. "हे बघ बाळ, तू तिची मैत्रीण असशील. मला धीर द्यायला बोलतेयस. असं करू नये. माझी मुलगी अशी बोलत नाही. तिचा आवाज असा नाही."

कासवानं फोन घेतला, काकू, तीच आहे, आमच्यासमोर बसलीय, म्हणाला. त्यानं फोन परत माझ्याकडे दिला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. "मघाशी तुमच्यातल्याच एकानं सांगितलं की ती गेली," आई हळूच, नेहमीसारखी हळूच म्हणत होती. "आता दुसरा म्हणतो, आहे. मी कुणाचं ऐकू?" मी आई, आई करत राहिले, खरखर, कुजबुज, तिला ऐकू जात होतं की नाही देव जाणे. मग ती मागच्या बाईला म्हणाली, जरा थांबा हो, बोलू नका.

"तू तीच असशील तर ओरड," आई म्हणाली. "माझ्यावर ओरड एकदा. बाबांना हाक मारायचीस तशी."

मी उभी राहिले. कासवाचा खांदा धरला, पोट आत ओढलं, असेल नसेल तेवढी हवा छातीत भरली आणि तोंड उघडलं. घशातून हवाच आली नुसती. पुन्हा भरली. वकील कानांवर हात ठेवून रडत होता. सर तोंड फिरवून उभे होते. पलीकडं आईचा श्वास ऐकू येत होता, ती फोन कानाशी घट्ट धरून बसली असणार, डोळे मिटून.

"मी ऐकतेय," ती म्हणाली. "तू ओरड."